होजाची हंडी, बाबांचं गाडगं

एका कास्तकारानं पोरीच्या लग्नासाठी सावकाराकडून मोठा गंज मागून नेला. लग्न झाल्यावर परत केला, तेव्हा आत एक लहानसा गंज होता. "हे काय बे?" सावकारानं विचारलं. "मालक, तुमचा गंज गाभण होता. रातच्याला व्याला." सावकारानं दोन्ही गंज निमूट आत नेऊन ठेवले. महिनाभरानं कास्तकारानं तोच गंज पुन्हा नेला आणि या खेपेस तो परत आलाच नाही. सावकार वाड्यावरून खाली उतरून त्याच्या दारात गेला, तर हा तोंड पाडून बसलेला. "मालक, तुमचा गंज मेला." "भांडं कधी मरते काय बे?" "व्याला तवा तं तुमी हाव म्हनलं होतं ना, मालक!"

नेर परसोपंत हे यवतमाळहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. कपाशी, तूर आणि सोयाबीनचा मुलूख. या भागातल्या गोष्टी गोळा करणं, उतरवून घेणं आणि विद्यार्थ्यांना उतरवायला शिकवणं हे माझं काम. गंजाची गोष्ट इथं कोणीही सांगतो, आणि सांगणाऱ्याला ती आपल्याच पंचक्रोशीत घडली असं ठामपणे वाटतं. तुर्कस्तानात ती नसरुद्दीन होजाची आहे. तिथं गंजाऐवजी तांब्याची हंडी आणि सावकाराऐवजी लोभी शेजारी. लोककथांची जगभर वापरली जाणारी जी सूची फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी १९१० मध्ये सुरू केली, आणि जी पुढे स्टिथ थॉम्प्सन व हान्स-यॉर्ग उथर यांनी वाढवली, तिच्यात या गोष्टीचा क्रमांक १५९२ ब असा आहे. पण नेरच्या माणसाला होजाचं नाव माहीत असण्याची गरज पडली नाही. त्याला सावकार माहीत होता, तेवढं पुरलं.

मराठी वाचकाला हाच होजा मुल्ला नसरुद्दीन म्हणून भेटला तो निराळ्या वाटांनी. मुलांच्या पुस्तकांतून भेटला, १९९० च्या सुमारास दूरदर्शनवर रघुवीर यादव यांनी उभा केला म्हणून भेटला, आणि पुण्यात कोरेगाव पार्कातल्या ओशोंच्या प्रवचनांतून तर रोजच भेटत होता. या वाटांनी आलेला मुल्ला हजरजबाबी आहे, चटकन हसवतो आणि निघून जातो. अकबराच्या दरबारातल्या बिरबलाशेजारी आपण त्याला बसवून टाकलं. मला हे पटत नाही. बिरबल कधी हरत नाही, आणि त्याच्या मागे बादशहाची मर्जी उभी असते. होजाजवळ एक गाढव आहे, घरात एक बायको आहे, आणि तो वारंवार फजीत होतो. ज्या फांदीवर बसला तीच तोडतो. त्याच्या गोष्टीत शहाणा कोण आणि येडा कोण हे शेवटपर्यंत ठरत नाही, ऐकणाऱ्यानं ते ठरवायचं असतं.

परंपरा सांगते की होजा सिवरीहिसारजवळच्या होर्तू गावात १२०८ मध्ये जन्मला आणि अक्शेहिरला १२८४ मध्ये गेला. अक्शेहिरला त्याची कबर आहे. तिथल्या दगडावर हिजरी ३८६ असं साल आहे, ते उलटं वाचायचं म्हणजे ६८३ होतं, आणि तेच १२८४ शी जुळतं. भिंती नसलेल्या त्या कबरीच्या दारावर भलंमोठं कुलूप आहे. लोकांनी त्याच्या मरणातही त्याचा स्वभाव सांभाळला. त्याच्या कितीतरी गोष्टींत समोर तैमूरलंग असतो, आणि तैमूर तर अनातोलियात १४०२ मध्ये आला, म्हणजे होजा गेल्यावर शतक उलटून. इतिहासकार याला घोटाळा म्हणेल. मी म्हणते, पायदळी तुडवलेल्या लोकांना तैमूरसमोर बोलणारा कोणीतरी हवा होता, म्हणून त्यांनी आपल्यातल्या सर्वांत भरवशाच्या माणसाला कबरीतून उठवून आणलं. होजाच्या गोष्टी सांगण्याची ही परंपरा २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, तीही सात देशांच्या नावानं.

वऱ्हाडानं असा कोणता माणूस उभा केला? माझं उत्तर गाडगेबाबा हे आहे. बाबांना मी विनोदी पुरुष म्हणत नाही. ते संत होते आणि त्यांचं काम रक्ताचं पाणी करून केलेलं होतं. पण गोष्टींचा अभ्यास करणाऱ्याला एक दिसतं: फिरस्त्या गोष्टी या प्रांतात आल्या की बाबांच्याच अंगणात येऊन बसतात.

पाण्याची गोष्ट घ्या. घाटावर लोक नदीत उभे राहून ओंजळीनं पितरांना पाणी देत होते. बाबाही पाण्यात उतरले आणि काठाकडं तोंड करून भराभरा पाणी उडवू लागले. लोकांनी विचारलं, बाबा, हे काय? तर म्हणाले, वावराला पाणी देतो. वावर कुठं? तिकडं, आपल्या गावी. एवढ्या लांब पाणी कसं पोचेल? मग तुमचं स्वर्गात कसं पोचते? हीच गोष्ट शिखांच्या जनमसाखी परंपरेत गुरू नानकांची आहे, हरिद्वारच्या गंगेतली, आणि तिथलं शेत पंजाबातलं. ती नानकांकडून बाबांकडं आली, की लोकांनी दोन्हीकडं आपापली नेली, हा वाद मी घालणार नाही. मला सांगणाऱ्याचे हात महत्त्वाचे वाटतात. नेरजवळच्या एका गावात पारावर ही गोष्ट सांगणारे एक आजोबा ओंजळ वर नेतात तेव्हा बोटं आवळून धरतात, आणि वावराकडं पाणी उडवताना बोटं मोकळी सोडतात. पहिली ओंजळ हळू, दुसरी जोरात. मग "वावर कुठं हाय बाबा?" हा प्रश्न ते स्वतः विचारत नाहीत. थांबतात. पारावरचं कोणीतरी विचारतंच. तेव्हा उत्तर येतं, "नेरले!" आणि सगळे हसतात. दुसऱ्या गावी गेले की ते वावर दारव्ह्याला असतं. शेवटचा सवाल मात्र ते अगदी खालच्या आवाजात टाकतात, समोरच्या एकाच माणसाच्या डोळ्यांत बघून. बहुतेक वेळा तो माणूस वयानं मोठा असतो आणि नुकतीच त्याच्या घरी तेरवी झालेली असते.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परिटाचं घर. वडील लवकर गेले आणि वाढले मामाकडं, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. मामाची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली. न वाचता उठवलेला अंगठा म्हणजे माणसानं दिलेला 'हो' असतो आणि तो पुढं त्याच्याच गळ्याशी येतो, हे त्यांनी पोरवयात पाहिलं. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि एक मातीचं गाडगं, जे पाण्यालाही चाले, भाकरीलाही आणि डोक्यावरही. गावात शिरले की आधी झाडायचं, मग भाकरी. रात्री कीर्तन.

त्यांच्याबद्दल सांगतात की एके ठिकाणी त्यांच्याच कीर्तनाच्या दारात राखणदारांनी त्यांना भिकारी समजून हाकललं. होजाचीही अशीच गोष्ट आहे. जुन्या कपड्यांत मेजवानीला गेला तर कोणी विचारेना. घरी जाऊन भारी झगा घालून आला, तर मानाची जागा मिळाली. मग तो झग्याची बाही ताटात बुडवून म्हणू लागला, खा झग्या, मान तुझा आहे. दोन्ही गोष्टी एकाच कुळातल्या. पण होजा घरी जाऊन कपडे बदलतो. बाबांच्या गोष्टीत कपडे बदलत नाहीत. वऱ्हाडी सांगणाऱ्यानं गोष्टीत एवढाच फरक केला आणि तिचा सगळा भार हलवला: आता लाज वाटायची पाळी ऐकणाऱ्याची आहे, कारण बदलायचं ते त्याला.

होजाची मला सर्वांत खोल वाटणारी गोष्ट शुक्रवारच्या प्रवचनाची. मिंबरावर चढून तो विचारतो, "मी काय सांगणार ते तुम्हाला ठाऊक आहे?" लोक म्हणतात, नाही. "मग ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांना काय सांगू?" उतरतो. पुढच्या शुक्रवारी लोक म्हणतात, हो. "ठाऊक आहे तर सांगायचं कशाला?" उतरतो. तिसऱ्या शुक्रवारी अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही. "मग ज्यांना ठाऊक आहे त्यांनी इतरांना सांगावं." आणि निघून जातो. होजा ऐकणाऱ्याला उत्तराची एकही वाट मोकळी ठेवत नाही.

बाबांचं कीर्तन याच्या बरोबर उलट चालायचं. तेही सारखे प्रश्न विचारत, पण असे की उत्तर द्यावंच लागे, आणि एकट्यानं नव्हे, हजारांनी एका आवाजात. देव स्वतःच्या हातानं जेवतो का? नाही. त्याच्या नैवेद्यावर कुत्रं आलं तर त्याला हाकलता येतं का? नाही. कर्ज काढून सण करावा का? नाही. एकेका साध्या नकारानं माणूस पुढं पुढं सरकत जाई, आणि शेवटी त्याच्या लक्षात येई की घरच्या नवसाला आणि बोकडाला आपणच भर मंडपात नाही म्हणून चुकलो. गंजाच्या गोष्टीतल्या सावकाराला जसा त्याचा 'हो' बांधतो, तसा इथं गावाला त्याचा 'नाही' बांधतो. सावकाराचं मात्र त्यात नुकसान झालं, इथं गाव सुटतं. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर या दोघांनीही बाबांचं चरित्र लिहिलं. दोघंही मोठे लेखक. पण कीर्तन कागदावर आणायचं म्हणजे हजारोंचा आवाज कागदावर आणायचा, आणि तिथं कोणत्याही लेखणीचा हात अपुरा पडतो. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, हे आपलं भाग्य. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलापाशी ते गेले. लोकसाहित्य शिकणाऱ्या प्रत्येकानं ते मुद्रण ऐकावं, तेही पुस्तक बंद करून.

ही सवाल-जवाबाची सवय वऱ्हाडात बाबांच्याही फार आधीची आहे. होजा अक्शेहिरला होता म्हणतात, त्याच शतकात अमरावतीजवळच्या रिद्धपूरला गोविंदप्रभू होते. लोक त्यांना वेडे म्हणत आणि त्याच श्वासात आई-बापही म्हणत. कोणाच्याही घरात शिरावं, मागावं, खेळावं, रुसावं, ज्यांची सावली टाळली जाई त्यांच्या दारीही जावं. महानुभावांसाठी ते ईश्वराचे अवतार आहेत आणि त्या श्रद्धेचा मान राखूनच मी हे लिहिते. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी लोकांना विचारून विचारून टिपल्या. मराठीतलं क्षेत्रकार्य तिथून सुरू झालं असं मी वर्गात सांगते. गोविंदप्रभूंचे शिष्य चक्रधरस्वामी. त्यांनी सांगितलेले ११४ दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त गोळा केले, आणि त्यांतला जन्मांधांचा आणि हत्तीचा दृष्टांत आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कान हाती लागला त्याला हत्ती सुपासारखा वाटला. आता तिकडं बघा. अक्शेहिर आज ज्या कोन्या प्रांतात आहे, त्या कोन्यात जलालुद्दीन रूमी १२७३ मध्ये गेले. त्यांच्या 'मसनवी'त हाच हत्ती आहे, हिंदमधल्या लोकांनी दाखवायला आणलेला, अंधाऱ्या घरात उभा केलेला. पाली 'उदान'मधून निघालेली गोष्ट एकाच शतकात महाराष्ट्रातही सांगितली जात होती आणि अनातोलियातही. चक्रधरांनी माणसं आंधळी ठेवली, रूमींनी घर अंधारं केलं. रूमींच्या गोष्टीत प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती तर भांडण मिटलं असतं. चक्रधरांच्या गोष्टीत दिवा आणून भागत नाही, डोळस माणूसच लागतो. म्हणून तिच्यापुढं गुरूची गोष्ट येते. पंथ कसा उभा राहतो ते या एका फरकात दिसतं.

गोष्टीचा भार असा ऐकणाऱ्यावरही असतो, म्हणून आमच्याकडं गोष्ट उतरवून घेताना वहीचं पान दुमडून दोन भाग करतात. डावीकडं सांगणारा. उजवीकडं ऐकणारे: कोणी हुंकार दिला, कोण मध्येच बोललं, कुठं हसले, कुठं उठून गेले. छापील लोककथासंग्रहांत ही उजवी बाजू सहसा नसते, आणि ती नसली की उरतो तो नुसता चुटका. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगते: फोन सांगणाऱ्याच्या तोंडाशी धरू नका, मधोमध ठेवा.

दिवाळी झाली की इकडं कापसाची वेचणी रंगात येते. बायांच्या गोष्टी तेव्हाच मिळतात, कमरेला ओटी बांधून तासातासानं पुढं सरकताना. त्यांच्या गोष्टींत मुल्लाही नसतो आणि बाबाही नसतात, सून असते. दारात भिक्षेकरी आला. सून म्हणाली, "काही नाही, पुढं जाय." तो निघाला. वाटेत सासू भेटली, तिनं विचारलं, त्यानं सांगितलं. सासूचा पारा चढला. "ते कोन नाही म्हननारी? घर तिचं हाय का माह्यं? चाल मांगं." भिक्षेकरी मोठ्या आशेनं मागं आला. सासू उंबऱ्याच्या आत गेली, पदर सावरला, वळली आणि म्हणाली, "आता मी सांगतो. काही नाही. जाय."

या गोष्टीला उजवीकडची बाजू लिहिताना पानाचे पुन्हा दोन भाग करावे लागतात. वेचणाऱ्या सुना खळखळून हसतात. पलीकडच्या तासावरच्या सासवा हात न थांबवता म्हणतात, "मंग? बरोबरच तं बोलली ते."