साताऱ्याची डोकेदुखी

आमच्या आईचं डोकं साताऱ्याच्या रस्त्यावर दुखायचं. इतरत्र दुखत नसे असं नव्हे; पण इतरत्र दुखायला तिला काहीतरी निमित्त लागे. दूधवाल्यानं दुधात जरा जास्तच विहीर ओतली, मोलकरणीनं पातेल्याला खरकटं ठेवलं, मी केस कापायला विसरलो, अशी कारणं असत. साताऱ्याच्या रस्त्यावर मात्र ते विनाकारण दुखे. आणि कारण नसलं की ते पुरवायला घरातली माणसं असतातच. सातारा हे माझ्या बायकोचं माहेर. आणखी काही सांगायला हवं का?

हिचं म्हणणं अगदी बिनतोड होतं. "सारसबागेच्या गणपतीला जाताना दुखत नाही. लक्ष्मी रोडला साड्या बघायला जाताना दुखत नाही. शिरवळ आलं की बरोब्बर सुरू! तुम्हीच काय ते समजा." मी समजलो नाही, कारण समजलो असतो तर दोन्हीकडून बोलणी खावी लागली असती. कपाळाला सुंठेचा लेप लावून आई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसे, मागे ही खिडकीबाहेर बघत गप्प बसे, आणि मधल्या भागात मी व ॲम्बॅसडर दोघेही घाट चढत असू.

ही १९८५ सालची गोष्ट. (आता ती गाडी नाही आणि ती बनवणंही २०१४ साली थांबलं, त्यामुळे तिच्याबद्दल मोकळेपणानं लिहायला हरकत नाही.) आमची ॲम्बॅसडर जुनी घेतलेली. १४८९ सी. सी.चं इंजिन, आणि बॉनेटखाली इतकी ऐसपैस जागा, की मुंबईत तेवढ्यात एखाद्यानं बिऱ्हाड मांडलं असतं. प्रकृतीनं ठणठणीत. फक्त सकाळी सुरू केली की शिवणयंत्रासारखा आवाज करी : टक टक टक टक. पाच-सात मिनिटांनी आवाज आपोआप बंद.

"टॅपेट!" खालचे भाऊसाहेब म्हणाले. भाऊसाहेबांकडे स्कूटरही नव्हती, पण पुण्यात अधिकारवाणीला वाहन लागत नाही. मी टॅपेट सेट करून घेतले. टक टक चालूच. पुन्हा करून घेतले. मग नाना पेठेतल्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. दारात पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, आवाज गायब. मिस्त्रींनी कान लावला, ॲक्सिलरेटर दाबला आणि म्हणाले, "काही नाही साहेब. मस्त आहे." दवाखान्याची पायरी चढताना दाढदुखी थांबावी, तसा हा प्रकार. तीनदा झाला. तिसऱ्या खेपेला मिस्त्री माझ्याकडे असे बघायला लागले, की दुरुस्ती गाडीची नसून मालकाची करायची आहे.

शेवटी तेच म्हणाले, "गाडी रात्रभर थंड राहू द्या. सकाळी सहाला घरी येतो. मी आल्याशिवाय चावी लावू नका."

आले. बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली. टक टक टक. मिस्त्रींनी वर बघितलं. आई देवपूजा सोडून खिडकीत उभी. "आजी, एक उदबत्ती द्या बघू पेटवून!" आईला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. माझ्या गाडीला हात लावण्याआधी देवाची आठवण काढणारा पहिलाच मेकॅनिक! ती उदबत्ती घेऊन स्वतः खाली आली.

मिस्त्री उदबत्ती इंजिनाभोवती आरतीसारखी फिरवू लागले. धूर सरळ वर जात होता. मॅनिफोल्डपाशी आला मात्र, आणि कुणीतरी 'फू फू' करून फुंकर घालावी तसा बाजूला उडायला लागला.

"सापडला," मिस्त्री म्हणाले. "मॅनिफोल्डला तडा."

आता हे मॅनिफोल्ड म्हणजे काय, तर चारी सिलिंडरांतून जळून बाहेर पडणारा धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारं बिडाचं जाडजूड बोळकं. वितभर लांब चीर होती आणि तिच्या कडेला काजळी. गाडी थंड असताना चीर उघडी राहते, तिच्यातून धूर फटफटतो, तोच तो आवाज. बीड तापून फुगलं की चीर मिटत येते आणि आवाज थांबतो.

"पण आवाज थांबला म्हणजे धूर थांबला असं नाही," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी वाकून गाडीत पायाशी हात घातला आणि इंजिनाच्या बाजूनं एक बोट बाहेर काढून दाखवलं. वायर जाण्याच्या भोकातलं रबर केव्हाच गळून पडलं होतं. "ह्या बाजूला पुढे कोण बसतं?"

मी आईकडे बघितलं. "आई."

"काच उघडी असते?"

"बंद," आई म्हणाली. "माझ्या कानाला वारा लागतो."

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी उदबत्ती आईच्या हातात परत दिली.

मॅनिफोल्ड इंजिनाच्या डाव्या अंगाला, आई डाव्या सीटवर. मी उजवीकडे, कोपर खिडकीबाहेर काढून वारा खात. मागे मुलांच्या काचा सताड उघड्या, कारण धाकट्याला गाडी लागते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक चिकटतो. सारसबाग दहा मिनिटांची. सातारा एकशेदहा किलोमीटर, मधे दोन घाट. डोकं शिरवळलाच का दुखायचं, याचा व्याह्यांशी काडीचा संबंध नव्हता. आमच्या डॉक्टरांनी नंतर हे समजावून सांगितलं. त्यांनीच चार महिन्यांपूर्वी आईला नवा चष्मा घ्यायला लावला होता, पण तो विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही.

"मी पहिल्यांदाच म्हटलं होतं," आई म्हणाली, "गाडीत ओल्या लाकडाच्या चुलीसारखा वास येतोय म्हणून. तू म्हणालास, पुढच्या ट्रकचा आहे."

म्हणालो होतो खरा.

ही काही न बोलता आत गेली. थोड्या वेळानं आलं घातलेल्या चहाचा कप आधी आईच्या हातात गेला, मग मिस्त्रींच्या, आणि बऱ्याच उशिरानं माझ्या. स्वयंपाकघरात दोघींचं काय बोलणं झालं ते मला आजवर कळलेलं नाही.

"साहेब, तापलेल्या इंजिनावर कधी गार पाणी ओतलं होतं का?" मिस्त्रींनी चहा पिता पिता विचारलं.

"छे!" मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस," आई म्हणाली. "गेल्या मे महिन्यात, कात्रजच्या घाटात. माझी प्यायच्या पाण्याची कळशी ओतलीस सगळी."

रेडिएटर उकळत होता. एका ट्रकच्या क्लीनरनं "मारा पाणी" म्हणून सल्ला दिला होता आणि मी तो शिरसावंद्य मानून सगळ्या इंजिनालाच अभ्यंगस्नान घातलं होतं. बीड तापतं तसं फुगतं. एकाच अंगावर गार पाणी पडलं की तेवढंच अंग आखडतं, आणि बिडाला पोलादासारखं लवणं माहीत नाही. ते तडकतं.

मॅनिफोल्ड उतरवणं हा एक वेगळाच सोहळा झाला. गंजलेल्या स्टडांवर रात्रभर रॉकेल सोडून ठेवलं, तरी एक स्टड मुळाशी कटकन मोडला. मिस्त्रींनी त्या वेळी जे शब्द वापरले ते आईनं ऐकले नाहीत असं तिनं दाखवलं. मोडका स्टड ड्रिलनं कोरून काढण्यात अख्खी दुपार गेली. मग वेल्डर. त्यानं चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं, सगळं बीड भट्टीत तापवलं, निकेलच्या कांडीनं सांधलं आणि हळूहळू निवावं म्हणून राखेत पुरून ठेवलं. इतकी काळजी बाळंतिणीची घेत नाहीत. तरी पंधरा दिवसांत सांध्याच्या शेजारीच नवी चीर.

"जुन्या बाजारात बघा," मिस्त्री म्हणाले.

तेव्हा कुंभारवेशीजवळ रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरायचा. आई म्हणाली, "मीही येते. मला माठ बघायचाय." जमिनीवर अंथरलेल्या तरटावर चार-पाच मॅनिफोल्ड पडले होते, सगळे सारखेच काळे. विक्रेता प्रत्येकाची हमी देत होता. मी उगाचच ते उलटेपालटे करून तज्ज्ञाचा चेहरा करत होतो. आईनं शेजारचा एक बोल्ट उचलला, पदर खोचला, आणि खाली बसून एकेका मॅनिफोल्डवर टिचकी मारल्यासारखा ठोकायला लागली.

"हा बद्द वाजतो. हा पण फुटका. हा... ऐक."

टण्ण! देवळातल्या घंटेसारखा.

"आजी, तुमचं गॅरेज कुठाय?" विक्रेत्यानं आदरानं विचारलं.

"माठ असाच घेतात," आई म्हणाली, आणि त्यानं सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर तो सौदा तिनंच तोडला. त्या दिवशी माठ घ्यायचा राहून गेला.

नवं गॅस्केट, कानशीनं सपाट केलेली कड, नवे स्टड, आणि पायाशी भोकात नवं रबर. गाडी सकाळी सुरू केली तर नुसती गुरगुरली. भाऊसाहेब म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, टॅपेट?"

पुढच्याच रविवारी साताऱ्याला निघालो. आईनं सुंठ सोबत घेतली होती, पण उगाळली नाही. काच मात्र तिनं बंदच ठेवली, आणि मी हट्टानं चार बोटं उघडायला लावली. कात्रजचा घाट उतरलो. मागे ही आणि मुलं गाण्यांच्या भेंड्या खेळत होती. आई गप्प होती. जरा वेळानं बघतो तो तिची मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले.

मी पुढच्या मैलाच्या दगडाला बघितलं. तशीच. त्याच्या पुढच्या दगडालाही तशीच. माझ्या पोटात गोळा आला. पायाशी हात घालून रबर चाचपलं, जागेवर होतं. नाकानं हुंगलं, वास नव्हता. पण वास नसतोच, हेच तर डॉक्टर म्हणाले होते! शिरवळला मी गाडी कडेला घेतली आणि तिला गदागदा हलवली.

"आई! आई, डोकं दुखतंय का?"

आईनं एक डोळा उघडला.

"आत्तापर्यंत नव्हतं दुखत," ती म्हणाली.

मागे ही हसायला लागली, ती साताऱ्यापर्यंत हसत होती.