आंबेनळीची वळणे

शिवाजी पार्कच्या सपाट मैदानावर वाढलेल्या मुलाला डोंगर म्हणजे नकाशावरचा तपकिरी रंग. तिथल्या अश्वारूढ महाराजांच्या हाती उपसलेली तलवार नाही, हात नुसता पुढे केलेला. लहानपणी आम्हांला याचे फार वाईट वाटे!

पोलादपूर सोडून सहलीची एस.टी. आंबेनळी घाटाला लागली, तशी आधी गाणी थांबली, मग गप्पाही. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. ड्रायव्हरमामा तेवढे निर्विकार.

प्रतापगड १६५६ साली बांधून झाला. बुरुजावरून जावळीचे रान पाहिले आणि १६५९ चा घोकलेला धडा प्रथमच कळला. हत्ती, उंट, तोफा घेऊन अफझलखानाची फौज वाईहून रडतोंडी घाटाने पार गावाकडे उतरली. घाटाचे नाव तरी किती बोलके! खानाला मोकळ्या मैदानातून या अडचणीत आणले, तिथेच अर्धी लढाई झाली होती. आमचे गुरुजी वाघनखांत रंगून जात. घाटाबद्दल अवाक्षर काढीत नसत.

गडावरच्या पुतळ्यापाशी (अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते, १९५७) फोटोसाठी रेटारेटी चालली होती. मी दरीत पारची कौले शोधीत बसलो. सर हाका मारू लागले, तरी ती सापडली नव्हती.