नाव, गाव आणि नोंद

एखाद्या प्रदेशातील पशुपक्ष्यांची यादी वरवर पाहता रुक्ष वाटते. नावांमागून नावे येतात. त्यांत ना कथा असते, ना रंग. परंतु तलाठ्याला जसे गावचे दप्तर, तशी निसर्गाच्या अभ्यासकाला ही यादी. कोण कोठे राहतो, कोण नव्याने आला, कोण नाहीसा झाला, हे तिच्यावरूनच कळते.

यादीत प्रथम नाव हवे. लोकभाषेतील नावे गोड असतात. पण ती मुलखागणिक बदलतात. म्हणून स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये सर्व प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. नावानंतर येते गाव. प्राणी कोठे, केव्हा व कोणाला आढळला, हे लिहिलेली लहानशी चिठ्ठी संग्रहालयातील प्रत्येक नमुन्याला बांधलेली असते. यादीचा सारा भरवसा त्या चिठ्ठीवर असतो.

रानपिंगळा या छोट्या घुबडाची हकिकत या दृष्टीने बोलकी आहे. १८७२ मध्ये त्याचा पहिला नमुना मध्य प्रांतात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी, तो मिळवणाऱ्या ब्ल्यूइट यांच्या सन्मानार्थ, त्याला ‘ब्ल्यूइटी’ हे नाव दिले. १८८४ पर्यंत खानदेशासह मोजक्याच ठिकाणांहून आणखी काही नमुने गोळा झाले. त्यानंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला.

पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे हा पक्षी मिळाल्याची नोंद मांडली. ती खोटी होती. संग्रहालयातील जुनाच नमुना चोरून, नव्याने भरून, त्याला बनावट चिठ्ठी लावण्यात आली होती. त्या एका चिठ्ठीने शोधकांची दिशा चुकविली. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे कपट ओळखले. खोटी नोंद बाजूला सारून त्या व त्यांचे सहकारी जुन्या, विश्वसनीय ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शतकाहून अधिक काळ हरवलेला पक्षी आपल्याच मुलखात होता!

सरहद्दी बदलतात, हेही यातून ध्यानात येते. पहिल्या नमुन्याचे ठिकाण आज छत्तीसगडात आहे. पक्षी पुन्हा सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. पक्ष्याला या रेषा ठाऊक नसतात. त्याला हवे असते ते सागाचे पानझडी रान. म्हणून केवळ प्रांताचे नाव पुरेसे ठरत नाही. गाव, ओढा, जंगलाचा प्रकार हेही लिहावे लागते.

आज मेळघाटासह मध्य भारतातील काही जंगलांत रानपिंगळ्याच्या नोंदी आहेत. तरीही तो संकटग्रस्तच आहे. कोणते रान राखायचे, हे या नोंदींवरून ठरते. नोंद खोटी असेल, तर रक्षण भलत्याच जागी होते आणि खरे रान मात्र निमूटपणे तुटत जाते. यादी लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा हा अशा मुक्या जिवांचा पहिला आधार होय.