वळणाची बाहेरची कड

आमची होडी चिखलात बसली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आवाज नाही, धक्का नाही. पाठीवर वायव्येचा खारा वारा घेऊन ती सुसाट चालली होती आणि बघता बघता डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी थांबली. शीड तसेच भरलेले, डोलकाठी वाकलेली आणि होडी जागच्या जागी. हळूहळू दोन्ही बाजूंनी चिखल वर यायला लागला. ओहोटी लागली होती.

पेणहून रोह्याला जायला रस्ता आहे, रेल्वे आहे. मला जायचे होते पाण्याने. धरमतरची खाडी अंबा नदीतून थेट नागोठण्यापर्यंत आत शिरते, आणि नागोठणे रोहा तालुक्यात येते. मुंबईच्या बंदरात गेली अकरा वर्षे मी शिडाच्या डिंगीच्या शर्यतीत उतरतो. बोयऱ्यापासून बोयऱ्यापर्यंत, सुटण्याच्या भोंग्यावर कान ठेवून. पण शीड घेऊन कुठल्या गावाला गेलो, असे एकदाही घडले नव्हते. ही खंत घेऊनच पौषातल्या वद्य द्वितीयेला, जोडीदारासह, चौदा फुटी डिंगी मी पेण तालुक्यातल्या दादरजवळ पाण्यात लोटली.

सकाळ कष्टाची गेली. मतलई वारा समोरून, भरतीचे पाणी पाठून. वाऱ्यात नाक खुपसून होडी सरळ जात नाही. एकदा डावी बाजू, एकदा उजवी बाजू वाऱ्याला देत नागमोडी वर चढावे लागते. दर वळणाला वाकून शिडाखालून पलीकडे जायचे, दोरी ओढायची, पाय पट्ट्यात अडकवून अंग बाहेर झोकायचे. शर्यतीत हे तासभर चालते, इथे चार तास चालले. तळहात सोलले, पाठ भरून आली. धरमतरच्या पुलाखाली डोलकाठी आडवी करून वल्ही मारली. एका बार्जच्या लाटेने दोघांना नखशिखांत भिजवले. तरीही सांगतो, यंत्राची घरघर नसलेल्या होडीत, तळाखालून वाहणाऱ्या पाण्याचा खळखळाट ऐकत पुढे सरकणे, यासारखे दुसरे सुख मला ठाऊक नाही. बारा वाजता वारा फिरून पाठीशी आला. मग तर आम्ही उडत होतो.

आणि नेमकी तिथेच चूक झाली. वळण समोर दिसताच मी शर्यतीतल्या सवयीने आतली कड धरली. अंतर वाचवायचे, एवढेच डोक्यात.

"उतरू नका! हितं मांडीभर रुतताल!" बांधावरून कोणीतरी ओरडले. बांधातले पाणी सोडणाऱ्या उघाडीच्या दगडी भिंतीवर एक म्हातारेबाबा उभे होते. कमरेला फडके, डोक्यावर टोपी. त्यांच्याबरोबरची दोन पोरे चिखलात निवटे धरत होती. त्यांनी एक लांब फळी सरकवत आणली आणि आम्ही तिच्यावरून एकेक करून काठाला लागलो. होडीचा नांगर बाबांनी स्वतः बांधाच्या बाजूला रोवून घेतला.

"आता पाणी कधी येईल, बाबा?" मी विचारले.

त्यांनी घड्याळ पाहिले नाही. "आज दुज. दोनाची पाऊनपट किती?"

"दीड."

"मंग दुपारची भरती दीडला. हितं आत याला आनखी अर्धा घंटा. राती पुन्ना त्याच टायमाला. दोनला तुमची होडी तरंगंल."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरची माणसे बोटांवर करतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून हे गणित जमते. मी आजवर मोबाइलमध्ये कोष्टक बघत आलो. चंद्र आणि पाणी यांचा संबंध पुस्तकात शिकलो होतो. त्या बांधावर तो पहिल्यांदा माझ्या उपयोगाला आला.

बारा तास होते. बाबांनी ते वाया जाऊ दिले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या घरची माणसे शेतावर जमली. वालाच्या शेंगांचा हंगाम होता आणि त्या रात्री पोपटी लागणार होती. पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात थंडीत पोपटी खाल्ली नाही तर हिवाळा आला असे कोणी मानत नाही. एका मोठ्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा, मध्ये बटाटे आणि अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंडाला पाला गच्च कोंबून बाबांच्या सुनेने मडके उपडे ठेवले आणि भोवती पेंढा, काटक्या रचून जाळ केला. पाण्याचा थेंब आत नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा तेवढा. अर्ध्या तासाने तिने ओल्या हाताने मडक्यावर पाणी शिंपडले. चर्र आवाज होऊन ते क्षणात उडाले. "झाली." मडके फुटले तेव्हा भांबुर्ड्याचा कडवट, धुरकट वास खाडीच्या खाऱ्या वासात मिसळला. शेंग दातात धरून ओढली की दाणे जिभेवर येत. गरम, मिठाचे, ओव्याच्या झणक्याचे. दिवसभर खाऱ्या पाण्याने पांढरे पडलेले माझे ओठ झोंबत होते. तरी मी थांबलो नाही.

जाळ विझत आला तेव्हा बाबा बोलते झाले. तरुणपणी ते शिडाच्या मचव्यावर होते. भात, मीठ भरून मुंबईला जायचे. पेणच्या मिठागरांतले मीठ आणि खाडीकाठचा भात अशा शिडांवर मुंबईला पोचत असे. माणसेही पाण्यानेच यायची. मुंबईहून बोटीने धरमतरला उतरून पुढे कोकणात जायची. मग रस्ते झाले, पूल झाले, मचव्यांना इंजिने बसली. शीड उतरले ते उतरलेच.

मी त्यांना आमच्या शर्यतींबद्दल सांगितले. मुंबईतला रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा आहे. 1982च्या आशियाई खेळांत शिडाच्या शर्यती मुंबईच्याच पाण्यात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. दिलीप दोंदे यांनी 2009-10मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. बाबांनी शेवटचे दोनदा विचारून घेतले. "येकला? मंग झोपला कंदी?" थोडा थोडा वेळ, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्या माणसाचे कष्ट त्यांना लगेच कळले.

मग ते माझ्याकडे वळले. "तुमी वलनावर आलाव तवा मी बगत व्हतो. तुमचं डोलं वर, शिडावर."

खरेच होते. शीड नीट भरले आहे का, कड फडफडते का, यावरून नजर हटू द्यायची नाही, असेच मला शिकवले होते.

"आमचा तांडेल शिडाकडं बगत नसं. शीड कानांनी कलतं. डोलं पान्यावर पायजेत. वलनाची भायेरची कड खोल, आतली चिखलाची. लांब पडंल, पन पोचाल."

याला कारण आहे. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर आदळतो, तिथला गाळ धुऊन नेतो आणि संथ पडलेल्या आतल्या बाजूला टाकतो. भूगोलात हे मी वाचले होते. होडीच्या सुकाणूपर्यंत मात्र ते कधी उतरलेच नव्हते.

रात्री दोनला पाणी आले. चंद्र डोक्यावरून कलला होता. चिखलावर आधी रेषा उमटली, मग ती रेषा चकाकत पुढे सरकली आणि होडी एका बाजूने हलकेच उठली. बाबा कंदील घेऊन बांधावर उभे होते. पैशांसाठी खिशात हात घातला तर त्यांनी तो धरला आणि पोपटीतल्या उरलेल्या शेंगांचे पुडके हातात ठेवले.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीवर आम्ही नागोठण्याला लागलो. तिथला दगडी पूल चौलच्या काझी अलाउद्दीन याने 1582 साली बांधला, असे गॅझेटियर सांगते. पूल जुना आहे, अरुंद आहे. मी त्याच्या कमानींपाशी बराच वेळ उभा राहिलो, कारण इतकी वर्षे भरती-ओहोटी पाहिलेले दुसरे काही त्या वाटेवर मला भेटले नव्हते. मग रस्त्याने रोहा, कुंडलिकेचा काठ आणि बाजारातून दोन किलो वाल.

या खाडीकाठी ज्यांच्या आजोबांना शीड कानांनी कळत होते, अशी मुले आजही चिखलात निवटे धरताना दिसतात. त्यांच्या हाती एक डिंगी यावी, एवढी माझी तळमळ आहे. शिकवायला अर्धे त्यांच्या घरातच आहे.

नागोठण्याच्या आधीच्या शेवटच्या वळणावर जोडीदाराने विचारले, "आत घेऊ?" मी डोळे मिटून शीड ऐकले. ते भरलेले होते. मग पाण्याकडे पाहिले आणि सुकाणू बाहेरच्या कडेला वळवले.