किंवा नंतरची

३ मार्च
प्रकाशनाआधीची शेवटची तपासणी. प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररींना जोडला जातो ते दाखवणारं एलडीडी चालवलं आणि यादीत लिबएसएसएल दिसलं. म्हणजे आमचा प्रोग्रॅम ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीला जोडला जातोय. आमच्या कोडच्या जुन्या फाइली उघडल्या. प्रत्येकीच्या माथ्यावर परवान्याचा तोच मजकूर: जीपीएल, आवृत्ती २. पुढे पूर्णविराम. ‘किंवा नंतरची’ हे दोन शब्द कुठेच नाहीत.

४ मार्च
टीममधल्या धाकट्याने विचारलं, “ताई, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही फुकट. मग अडतंय कुठे?” त्याला बसवून सांगितलं. आपल्यापुरतं कसंही चालवावं. अट लागू होते दुसऱ्याला देताना. १९९१ची जीपीएल २ म्हणते, जोडून वाटलेल्या सगळ्या कोडला माझ्याच अटी, वर एकही जादा नको. ओपनएसएसएलचा जुना परवाना जाहिरातीत श्रेय द्यायला लावायचा. २०२१ साली ३.० आवृत्तीपासून तिथे अपाची २.० आला. पण त्यात पेटंटवरून खटला भरणाऱ्याचा पेटंट-परवाना जातो. जीपीएल २च्या लेखी हीही जादाच अट, असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत. २००७च्या जीपीएल ३ने तिला जागा करून दिली. ते दोन शब्द असते, तर आज आम्ही मोकळे असतो.

६ मार्च
वाटा दोन. ओपनएसएसएलच्या जागी ग्नूटीएलएस ही लायब्ररी घ्यायची: परवाना एलजीपीएल २.१ किंवा नंतरची. ती ज्यावर उभी आहे ती जीएमपी लायब्ररीही तपासली: एलजीपीएल ३ किंवा जीपीएल २, निवड आपली. बसतं. पण जोडणीचा सगळा भाग नव्याने लिहावा लागेल. दुसरी वाट, कोड लिहिणाऱ्यांकडून ओपनएसएसएलपुरती खास सवलत मागायची. डब्ल्यूगेट या प्रोग्रॅमने तसं कलम घातलं होतं. कोड कुणीकुणी लिहिलं ते पाहायला गिट लॉग काढला. आमच्याखेरीज तिघं. तिघांनाही मेल केली.

११ मार्च
दोघांचे होकार आले. तिसऱ्यांची मेल परत आली, आणि निम्मं कोड त्यांचंच. “कोण येतंय विचारायला?” असं एकजण म्हणाला. मला ते पटलं नाही. त्यांनी विश्वासाने दिलं ते आवृत्ती २च्या अटींवर. ती अट त्यांच्या माघारी सैल करायचा हक्क आम्हाला नाही. प्रकाशन पुढे ढकललं.

१९ मार्च
जोडणीचा भाग नव्याने लिहून झाला. पुन्हा एलडीडी. लिबएसएसएल गेलं, त्या जागी लिबग्नूटीएलएस. नव्या फाइलींच्या माथ्यावर मी स्वतः टाइप केलं: आवृत्ती २, किंवा नंतरची. उद्या आमचा पत्ता कुणाला लागला नाही, तरी त्याचं काम अडू नये.