झारीवरचे नाव

लंडनला जाणारा आपला माणूस आधी किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरच्या घरी जाऊन बाबासाहेबांना अभिवादन करतो. मीही केले. दुसरे दिवशी पुतणीबरोबर ब्रिटिश म्युझियम गाठले. तिथल्या ग्रंथालयात बाबासाहेब दिवस दिवस वाचत बसत. ती वास्तू डोळ्यांनी पाहावी, एवढाच हेतू. पण इस्लामी दालनातील एका पितळी झारीने पाय रोखून धरले.

झारी जेमतेम फूटभर उंच. इराकमधील मोसूल शहरात १२३२ साली घडवलेली. अंगावर तिळभर जागा रिकामी नाही. आरशात पाहणारी बाई, डबा घेतलेली तिची दासी, उंटावरची शिकार, वादक, सारे चांदीत आणि तांब्यात. हा मुलामा नव्हे. कारागीर पितळेत आकृतीची जागा खोदतो, तिच्या कडा आतून किंचित कापतो, चांदीचा पातळ पत्रा बसवतो आणि ठोकतो. कडा दाबल्या की पत्रा पक्का धरला जातो. डिंक नाही, डाख नाही. मग त्या चांदीवर डोळे, कपड्यांच्या चुण्या कोरायच्या आणि मोकळ्या जागेत काळा लेप भरायचा.

झारीच्या मानेभोवती अरबी मजकूर आहे. मोसूलच्या शुजा इब्न मनआ याने हिजरी ६२९ च्या रजब महिन्यात, मोसूलमध्ये ही नक्षी केली, असा त्याचा अर्थ. 'नक्षी' हा आपला शब्दही मूळचा अरबीच.

माझ्या घरी लग्नात आलेली भांडी आहेत. प्रत्येकावर मशीनने घातले आहे, 'अमुक यांजकडून सप्रेम भेट'. घडवणाऱ्याचे नाव एकावरही नाही. मोसूलकडे तर अहमद अल-धकी या उस्तादाच्या हाताखालच्या माणसांनीसुद्धा भांड्यांवर आपली नावे कोरली आहेत.

आपल्याकडे असे नव्हतेच, असेही नाही. कर्जतजवळ कोंडाणे येथील बौद्ध लेण्यात ब्राह्मी लेख आहे: कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. पुढे आपल्या लोकांचे हात तेवढे कामाला लागले, नावे राहिली नाहीत. ते कोणी केले, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

मोसूलमध्ये समता नांदत होती, असे मी म्हणत नाही. गुलामगिरी तिथेही होती. पण त्या काळी शहराचा कारभार पाहणारा बद्रुद्दीन लुलु हा स्वतः मूळचा गुलाम. १२३४ साली तो उघडपणे राज्यकर्ता झाला. त्याच्या नावाची चांदी जडवलेली पेटी याच म्युझियममध्ये आहे.

अशी झारी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची. माझ्या आजीच्या ओंजळीतही गावात वरूनच पाणी ओतत, भांड्याला तिचा हात लागू नये म्हणून. ते भांडेही पितळेचेच होते.

"काका, चला, बंद व्हायची वेळ झाली," पुतणी म्हणाली. मला अरबी येत नाही. तरी मानेवरची अक्षरे दिसतील तशी वहीत उतरवून घेतली.