खिडकीतली पाल

सांगलीतील त्या जुन्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली, झाकपाक झाली, की आजी माजघराची खिडकी लावून घेत. त्याच सुमारास दिव्याशेजारच्या फटीतून एक लहानशी पाल बाहेर येई. घराचा दिवस मावळताना तिचा दिवस सुरू होई. दिव्यावर झेपावणारी चिलटे आणि पतंग हे तिचे अन्न. त्याच जीवांच्या काळजीने या घरात रात्री चूल पेटत नसे.

एका संध्याकाळी वारा सुटला आणि आजींनी घाईने खिडकी ओढली. पाल निसटली, तिची शेपटी मात्र चौकटीत अडकून तुटली आणि बराच वेळ वळवळत राहिली. आयुष्यभर पाणी गाळून आणि जमीन पाहून पाऊल टाकणाऱ्या आजी खाटेवर सुन्न बसल्या. “माझ्या हातून हे कसं झालं?” एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

प्राणिशास्त्र शिकणारी नात शेजारी येऊन बसली. “आज्जी, ती जिवंत आहे,” ती म्हणाली. पालीच्या शेपटीतील मणक्यांत तुटण्याच्या जागा जन्मतःच ठरलेल्या असतात. संकट आले की तेथील स्नायू आवळतात आणि शेपटी सुटते. वळवळणाऱ्या तुकड्यात शत्रू गुंतला की पाल पळ काढते. रक्त फारसे वाहत नाही, आणि पुढे नवी शेपटीही फुटते.

“म्हणजे तिचं काहीच बिघडलं नाही?” आजींनी आशेने विचारले.

नातीने खोटा दिलासा दिला नाही. शेपटीत पाल चरबी साठवते. अडीअडचणीची ती शिदोरी गेली होती. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो. ती वाढवायला बळ लागते, बळासाठी अन्न लागते.

“मग तिच्यासाठी रात्रभर दिवा ठेवू का?” असे विचारून आजी स्वतःच थांबल्या. दिव्यावर येणारे जीवही जीवच होते.

उत्तर पालीच्या डोळ्यांत होते. तिला पापण्या नसतात. डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण ती जिभेने पुसते. दिवसा उभ्या रेषेसारखी असणारी तिची बाहुली अंधारात रुंदावते आणि अगदी मंद उजेडातही तिला दिसते. माणसाने दिवा लावण्याच्या कितीतरी आधीपासून पाली रात्री शिकार करीत आल्या आहेत. दिवा तिची सोय होती, गरज नव्हे. आजींनी नेहमीच्या वेळी दिवा मालवला.

काही आठवड्यांनी भिंतीवर पुन्हा ‘चुक् चुक्’ ऐकू आले. शेजारीण म्हणाली, “काहीतरी अशुभ दिसतंय!” आजी हसल्या. हा आवाज एका पालीने दुसरीला दिलेला इशारा किंवा घातलेली साद असते, हे आता त्यांना ठाऊक होते. पालीच्या मागे जरा आखूड, गुळगुळीत, वेगळ्या रंगाची शेपटी दिसत होती.

आजही आजी खिडकी लावण्याआधी चौकटीवर दोनदा बोटांनी टकटक करतात, क्षणभर वाट पाहतात आणि मगच हलक्या हाताने दार ओढतात. करुणा त्यांच्याकडे पूर्वीही होती. पाल कोठे बसते, केव्हा निघते, हे मात्र त्यांनी त्या संध्याकाळनंतरच नीट पाहिले.